अंगणातले अकरा दिवे

ओरत्तनाडूच्या त्या घराबाहेर अकरा दिवे आहेत. पहिल्या संध्याकाळी मला त्यांतला एकच दिसला, ओट्यावर टांगलेला. नऊंचा नुसता उजेड दिसला, आणि तोही इतक्या बेतानं पडलेला की तो येतोय कुठून हे विचारायचं सुचलंच नाही. अकरावा मागल्या दारी होता, तो दुसऱ्या दिवशी कळला. प्रकाशयोजनेची याहून मोठी तारीफ मला येत नाही.

मी पंचवीस वर्षं हौशी नाटकांना प्रकाश दिला. त्या सवयीनं कुठल्याही घरात शिरण्याआधी माझी नजर दिव्यांकडे जाते आणि बहुतेक ठिकाणी ती दुखून परत येते. फाटकावर दोन पांढरे गोळे, गच्चीवरून डोळ्यांत घुसणारा फोकस, झाडाझाडाच्या बुंध्याशी हिरवा-निळा झोत. बंगला उजळलेला असतो आणि पाहुणा ठेचकाळत असतो. म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात बायकोच्या मामांकडे ओरत्तनाडूला गेलो तेव्हा दिवे बघायचा मनसुबा मुळीच नव्हता. मला मुक्तांबेचं छत्र, म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली जुनी धर्मशाळा, बघायचं होतं.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यानं दक्षिणेला निघालं की तासाच्या आत हे गाव येतं. भोवती कावेरीच्या कालव्याचं पाणी, भात आणि माड. तंजावरच्या दुसऱ्या सर्फोजीराजांनी आपल्या लाडक्या मुक्तांबेच्या स्मरणार्थ १८०० च्या सुमारास इथं छत्र बांधलं. तिचीच ती शेवटची इच्छा होती, असं सांगतात. दर्शनी भाग रथासारखा घडवलेला, घोडे आणि हत्ती तो रथ ओढताहेत. आम्ही पोचलो तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. दुपारभर सपाट भासलं असतं ते कोरीवकाम त्या वेळी सावल्यांनी भरून वर आलं होतं. समोरून पडणारा उजेड दगड पुसून टाकतो आणि बाजूनं घासत जाणारा उजेड तोच दगड पुन्हा कोरतो, हे मी नाट्यगृहात शेकडो वेळा शिकवलंय. इथं सूर्य शिकवत होता.

पण छत्राची माझ्या मनात राहिलेली गोष्ट दगडाची नाही. राज्याचा कारभार १७९९ च्या तहानं ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यावर सर्फोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून आपल्या छत्रांची व्यवस्था समजावून सांगितली. जातीपातीचा विचार न करता येईल त्या वाटसरूला अन्न मिळायचं. ज्याला शिजवलेलं चालत नसे त्याला शिधा. वैद्य असत, पोरक्या मुलांना शिक्षक असत. आणि हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालायचं. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा व्हायचा की अजून कुणी जेवायचं राहिलं असेल त्यानं यावं. त्या घंटेपर्यंत दारात दिवा तेवत असणारच. तो छत्राच्या शोभेसाठी नव्हता. रामेश्वरच्या वाटेवर अंधारात चालणाऱ्या, अजून न पोचलेल्या माणसासाठी तो होता.

हे मनात घोळवत मामांच्या फाटकाशी आलो.

फाटकाला दोन खांब आहेत आणि दोन्हींची डोकी रिकामी. दिवा उजव्या खांबाला, कमरेच्या उंचीवर, पत्र्याच्या टोपीखाली, बाहेरच्या अंगाला. त्याचा उजेड दोनच गोष्टींवर पडतो: फाटकाची कडी आणि रस्त्याकडेच्या गटारावरची फरशी. बस्स. अंधारात आलेल्या माणसाला त्या क्षणी या दोनच गोष्टी हव्या असतात. आत पाऊल टाकलं की वाट डावीकडे वळते, त्या वळणावर नडगीच्या उंचीचा एक दिवा. पुढे जमीन चार बोटं उतरते, तिथं दुसरा. तिसरा ओट्याच्या अलीकडे. दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं दिवे रोवून वाटेची धावपट्टी करायचा मोह मामांनी टाळलाय. दिव्यांमधलं अंतर सारखं नाही, कारण वाटेतल्या अडचणी सारख्या अंतरावर नाहीत. मधले तुकडे अंधारात आहेत. चार पावलं अंधारातून चाललं की पुढचा उजेड हवासा वाटतो आणि पाय आपोआप तिकडे वळतो. नाटकात आम्ही नटाला असंच रंगमंचावर चालवायचो.

मग पायरी. हा या अंगणातला सर्वोत्तम दिवा, आणि त्याच्यापाशी मी जवळजवळ तासभर उकिडवा बसलो होतो. मामींना वाटलं माझी किल्ली हरवली. ओट्याच्या खालच्या पायरीचा पुढे आलेला काठ आहे, त्याच्या पोटात बोटभर रुंदीची पट्टी बसवली आहे. दिवा दिसत नाही. उजेड पायरीच्या अंगावरून घसरून जमिनीवर पसरतो, जमिनीला जवळजवळ समांतर. आणि त्याच जागी मामी रोज कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढतात. कोरड्या पिठाच्या रेषेला उंची किती? तांदळाच्या दाण्याएवढीही नाही. पण इतक्या खालून येणाऱ्या उजेडात त्या प्रत्येक रेषेला स्वतःची सावली फुटते. ठिपके खडे वाटू लागतात, वळसे दोरखंडासारखे पीळदार. जिथं मामींचा हात थबकला तिथं पिठाचा ढीग किंचित उंच, जिथं हात भरभर गेला तिथं रेघ विरळ, सगळं वाचता येतं. वरच्या ट्यूबलाइटखाली कोलम म्हणजे पांढरी नक्षी असते. इथं तो हस्ताक्षर होतो. तिरक्या उन्हात छत्राच्या रथावर जे घडत होतं तेच इथं वितभर उंचीवर घडत होतं.

तुळशीपाशी उलटा न्याय आहे. तुळशीवर दिवा नाहीच. तो वृंदावनाच्या मागे लपवलाय आणि पाठच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून आहे, त्यामुळे उजळते ती भिंत आणि तुळस काळ्या रेषांत उभी राहते, एकेक मंजिरी मोजून घ्यावी अशी. वृंदावनाचा कोनाडा मात्र मोकळा ठेवलाय. तिथं मामी तेलाची पणती लावतात. पुढे तुळशीचा काळा आकार, त्याच्या पायाशी हलणारी ज्योत, मागे स्थिर भिंत. विजेनं इथं पणतीशी स्पर्धा केली नाही, तिच्यासाठी पडदा धरला.

दिवे दोन जातींचे, असं मी त्या रात्री वहीत लिहिलं: दिसणारा दिवा आणि दाखवणारा दिवा. आपल्या जेजुरीच्या दीपमाळा किंवा मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ हे दिसणारे. त्यांच्या उजेडात कुणी सुईत दोरा ओवत नाही. ते लांबून बघायचे असतात, देऊळ कुठं आहे हे सांगायला आणि डोळे निववायला. फाटकावरचा नि पायरीचा दिवा दाखवणारे. त्यांनी स्वतः दिसू नये. बहुतेक अंगणांची वाट लागते ती ही जातच ओळखता न आल्यानं. दाखवणारा दिवा दिसायला लागतो, म्हणजे डोळे दिपवतो, आणि शोभेचा दिवा वाट दाखवायचं सोंग करतो.

दोन्ही जाती एकाच दिव्यात नांदू शकतात का? एक उदाहरण याच मुलखातलं आहे आणि तेही मराठी बाईचं. कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूरला महालिंगस्वामींच्या देवळात एक धातूची दीपलक्ष्मी उभी आहे. तमिळात तिला पावै विळक्कु म्हणतात. तंजावरच्या भोसले घराण्यातल्या अम्मणी अम्माळनं, प्रतापसिंह या आपल्या नातलगाशी लग्न व्हावं म्हणून नवस बोलला होता. तो फळला, तेव्हा १८५३ मध्ये तिनं हातात दिवा धरलेली स्वतःचीच मूर्ती देवाला वाहिली. (हा प्रतापसिंह म्हणजे अठराव्या शतकातला राजा नव्हे, हे सांगायला हवं, दोघांची गल्लत होते.) तळाशी तमिळ लेख आहे. तिनं ओंजळ पुढे केली आहे, तोंड देवाकडे. ज्योत लावली की उजेड पुढे देवाकडे जातो आणि परतताना तिच्या चेहऱ्यावर राहतो. तिला दाखवायचाय देव, आणि दाखवता दाखवता ती दिसते. याहून चांगली प्रकाशयोजना मी आजवर पाहिलेली नाही, आणि तिला वायर लागत नाही.

मामांच्या दिव्यांना मात्र लागते, आणि तिची कथा ऐकण्यासारखी आहे. मामा गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरातलं तंजावरी मराठी आधी कानाला जुनं वाटतं, मग गोड, आणि तिसऱ्या दिवशी आपलंच भेसळीचं वाटू लागतं. त्या मराठीत त्यांनी मला व्होल्टचा हिशेब सांगितला. अंगणातले दिवे बारा व्होल्टवर आहेत, २३० वर नाहीत, कारण ओल्या मातीत, अनवाणी पायांत, नातवंडांच्या खेळात तेच शहाणपणाचं. सगळे मिळून तीस वॅटच्या आत. एकेकाळी एका हॅलोजनला यापेक्षा कितीतरी जास्त लागत. पण बारा व्होल्टची अडचण अशी की तेवढ्याच उजेडाला प्रवाह जास्त वाहतो, आणि प्रवाह जास्त म्हणजे तारेतच गळती जास्त. पहिल्यांदा ज्या वायरमननं काम केलं त्यानं घराच्या एका कोपऱ्यात बारा व्होल्टचा वीजजोड ठेवून दीड चौरस मिलिमीटरची तार चाळीस मीटर लांब नेली. "जावईबापू, जाऊन-येऊन ऐंशी मीटर. रोध जवळजवळ एक ओहम. अडीच अँपिअर वाहिला तर वाटेतच अडीच व्होल्ट संपले. शेवटचा दिवा उपाशी!" मामांनी हे विहिरीच्या कठड्यावर खडूनं लिहून दाखवलं.

उपाय त्यांनी स्वतः केला. वीजजोड अंगणाच्या मध्यावर, विहिरीजवळच्या खोपीत आणला आणि तिथून तारा दोन दिशांना सोडल्या. तार जाड घेतली, पाइपात घातली, फावडं लागणार नाही इतकी खोल पुरली, आणि वरून विटांची एक रांग टाकली, म्हणजे पुढे कुणी खणलं तर आधी वीट लागेल. घरातल्या मुख्य जोडावर गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र बसवलं. हे सगळं दिसत नाही. रसग्रहणात ते यावं का? गाण्याच्या मैफिलीत तंबोरा लावण्याबद्दल लिहितात ना, मग यावंच.

उजेडाचा रंग पिवळसर आहे, खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेला. पणतीची ज्योत १९०० च्या आसपास असते, बाजारातला पांढराशुभ्र दिवा ६५०० चा. मामांनी पिवळसर निवडला तो रसिकतेनं नव्हे. पावसाळ्यात पंखवाल्या वाळवीच्या झुंडी पांढऱ्या-निळसर उजेडावर जास्त तुटून पडतात, आणि या भागात खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. सौंदर्य आणि सोय एकाच जागी भेटली की मला नेहमी संशय येतो. इथं मात्र दोघं खरंच भेटलेत.

मागल्या भिंतीपलीकडे भाताचं शेत आहे आणि त्या बाजूला एकही झोत नाही. मी विचारलं, शेताच्या कडेचे माड छान दिसले असते, तिकडे का नाही? मामांनी मला रस्त्यावर नेलं. विजेच्या खांबाखालचा भाताचा गोल तुकडा त्यांनी बोटानं आखून दाखवला. भात रात्रीची लांबी मोजतो. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय जुन्या जातींना फुलोरा येत नाही, आणि रात्रभर उजेड असला तर रोपाला वाटतं अजून रात्र झालीच नाही. त्यामुळे सगळं शेत पिवळं पडून कापणीला येतं तेव्हा दिव्याखालचा गोल हिरवाच उभा असतो. दुसऱ्याच्या सांबा हंगामाच्या भातावर आपली हौस कशाला? प्रकाशयोजनेत अंधारालाही मालक असतो, हे माझ्या पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

विहिरीचा दिवा कठड्याच्या आतल्या ओठाखाली आहे. उजेड खाली उतरतो, बांधकामाचे थर एकामागून एक दाखवत, आणि पाण्याशी संपतो. वाकून बघितलं की खोली अंगावर येते. लहान मुलं तिथं दबकतात, म्हणजे काम झालं. ओट्यावरच्या टांगत्या दिव्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो दिसणारा दिवा आहे, घरात माणसं आहेत एवढं सांगतो.

आता माझी तक्रार, माडांच्या दोन झोतांबद्दल. तीही ऐकून घ्यावी लागेल, कारण तिच्यामागे एक वादळ आहे.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं आणि पट्टुक्कोट्टै, पेरावूरणि, ओरत्तनाडु या पट्ट्यातल्या माडांच्या बागा आडव्या करून गेलं. हजारो विजेचे खांब पडले. मामांच्या अंगणात त्या आधी चार उंच माड होते आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी वर तोंड केलेला एक झोत. माड गेले, झोत राहिले. बरेच दिवसांनी वीज आली त्या रात्री चारही झोत लागले आणि उजेडाचे चार खांब सरळ रिकाम्या आभाळात गेले. मामी आत निघून गेल्या. मामांनी दुसऱ्याच दिवशी ते उपटले.

आज तिथं वादळानंतर लावलेले दोन बुटके माड आहेत, त्यांचा शेंडा अजून हाताला लागेल इतका. प्रत्येकाला एक झोत. माझं म्हणणं की एक पुरे होता. दोन्ही माड सारखे उजळले की डोळा दोघांत भटकतो. एक उजेडात आणि दुसरा त्याच्या सावलीत असता तर अंगणाला खोली आली असती. मामा ऐकून घेतात, मान डोलावतात आणि बदलत नाहीत. मला वाटतं ते दोन झोत प्रकाशयोजनेत मोडतच नाहीत. चाराच्या जागी निदान दोन तरी उभे आहेत, एवढंच ते रोज संध्याकाळी तपासून बघतात. समीक्षक म्हणून माझं मत कायम आहे. जावई म्हणून मी गप्प बसतो.

वादळानंतर सातव्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, त्या वर्षीची कार्तिगै होती. वीज नव्हतीच. मामी सांगतात, त्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक दाराशी पणत्या लागल्या, पण तेल जपून. जिथं एरवी वीस लागत तिथं पाच. आणि पाच कुठं ठेवायच्या हे ठरवताना कुणाला विचार करावा लागला नाही: उंबरा, तुळस, विहीर, गोठा आणि मागचा उकिरडा. मी वही उघडून ती यादी मामांच्या अकरा दिव्यांशी ताडून पाहिली. गोठा आता नाही. बाकी चारही जागी आज दिवा आहे. मामांना विचारलं तर ते म्हणाले, तसं काही ठरवलं नव्हतं.

कार्तिगै म्हणजे तमिळ कार्तिगै महिन्यात कृत्तिका नक्षत्राच्या दिवशी येणारा दिव्यांचा सण. आपली त्रिपुरी पौर्णिमा कधी त्याच सुमारास पडते, कधी एक महिना आधी. २०२३ मध्ये दोन्ही एकाच संध्याकाळी आल्या, २६ नोव्हेंबरला, आणि मी तिथं होतो. अंधार पडायच्या आधी मामांनी खोपीतला खटका खाली ओढला. अंगणातले दिवे गेले. मग मामी आणि सुना अगल घेऊन बाहेर आल्या. अगल म्हणजे आपली पणतीच, थोडी उथळ. ओट्याच्या कडेला, पायऱ्यांवर, कोलमच्या प्रत्येक छेदावर, कुंपणाच्या भिंतीवर. आत पोरी उरुंडै, गुळाच्या पाकातले लाह्यांचे लाडू, पोरांच्या हातात. देवळापुढे चोक्कप्पनै, म्हणजे या सणाची होळी, पेटली तेव्हा ताडाच्या झावळ्यांचा तडतडाट घरापर्यंत आला.

पणत्यांखाली मी तो पायरीचा कोलम पुन्हा पाहिला. सावल्या आता हलत होत्या. विजेच्या उजेडात जे हस्ताक्षर होतं ते पणत्यांनी जणू पुन्हा लिहायला घेतलं. पण ओळी पुसटही झाल्या, कारण दर वितीवर एक ज्योत असल्यानं डोळा रेषेवर ठरेना, ज्योतीवर ठरे. पणत्या दिसणारे दिवे आहेत. सणाला ते शोभतं. वर्षातल्या बाकीच्या रात्रींना पायरीखालची ती लपलेली पट्टीच सरस, हे मी कबूल करतो, आणि हे लिहिताना थोडं अपराधीही वाटतं.

दुसऱ्या संध्याकाळी कुप्पै कार्तिगै. कुप्पै म्हणजे केरकचरा. त्या दिवशी एक पणती उकिरड्यावर जाते. आपल्याकडेही दिवाळीत उकिरड्यावर दिवा ठेवणारी गावं आहेत, म्हणून मला नवल वाटायला नको होतं. पण मागल्या दारी गेलो तेव्हा मामी खताच्या खड्ड्याशी पणती ठेवत होत्या आणि त्यांच्या पायाशी, पत्र्याच्या टोपीखाली, अकरावा दिवा विझलेला होता. वर्षभर रात्री भाजीची सालं टाकायला येताना तो त्यांना खड्ड्याचा काठ दाखवतो. मी त्या टोपीचा कोन, उंची, उजेडाचा पसारा वहीत टिपायला सुरुवात केली होती. मामा म्हणाले, हा सणासाठी बंद केलेला नाही, हा तीन दिवस लागतच नाहीये. त्यांनी मोबाइलचा टॉर्च दातांत धरला, स्क्रू काढले आणि टोपी उलटी केली. आत मुंग्यांनी माती भरून घर केलं होतं.